जमिनीवर येऊन थांबणारा धडा

२०१७ साली आलेल्या इयत्ता नववीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकातील 'कार्य आणि ऊर्जा' हे प्रकरण आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. मांडणी नेटकी आहे. उंचावरून सोडलेल्या वस्तूची स्थितिज ऊर्जा जेवढी कमी होते तेवढीच गतिज ऊर्जा वाढते. वरच्या, मधल्या आणि जमिनीलगतच्या बिंदूवर बेरीज तीच येते. गणितात चूक नाही. पण उदाहरण जमिनीपाशी संपते आणि आमची तक्रार तिथेच सुरू होते. वस्तू आदळून स्थिर झाली. आता उंची नाही, वेगही नाही. मग ऊर्जा गेली कुठे?

नाशिकच्या शिक्षकांना उत्तरासाठी लांब जायला नको. सोमेश्वरचा धबधबा पाहा. उंची दहा मीटर धरली तर एक किलोग्रॅम पाण्याची ९८ ज्यूल ऊर्जा खालच्या खळखळाटात विरते आणि पाणी जेमतेम ०.०२ अंश सेल्सियसने तापते. हे हाताला कळत नाही, म्हणून ऊर्जा नाहीशी झाल्यासारखी वाटते. जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात पाण्यात पाती फिरवून असेच बारीक फरक तापमापीवर मोजले. पडत्या वस्तूची बेरीज न्यूटनच्या नियमांतूनही निघते. उष्णता हिशेबात आली तेव्हाच ऊर्जा अक्षय्यतेचा नियम खऱ्या अर्थाने उभा राहिला. नेमका तोच भाग वर्गात राहून जातो.

प्रयोग अवघड नाही. मीटरभर लांबीच्या पुठ्ठ्याच्या नळीत शिशाचे थोडे छर्रे घालून दोन्ही तोंडे बुचांनी बंद करावीत. नळी पन्नास वेळा उलटसुलट करून, आधीचे आणि नंतरचे तापमान पाहावे. हिशेबाने जवळजवळ चार अंशांची वाढ यायला हवी. प्रत्यक्षात ती कमी भरते. का कमी भरते, यावरच अर्धा तास सहज जातो. (शिसे विषारी आहे; छर्रे हाताळल्यावर हात धुवायला लावावेत.)

दुसरी तक्रार शब्दाची आहे आणि ती एकट्या या पुस्तकाविषयी नाही. नियम 'अक्षय्यतेचा', सूर्य आणि वारा म्हणजे 'अक्षय ऊर्जा', आणि शाळेच्या भिंतीवर मात्र 'ऊर्जा वाचवा'! जी कधी संपतच नाही ती वाचवायची कशाला? हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. आमच्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच.

त्याचे उत्तर एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्रात दिसते. तेथे प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. कोळशाची रासायनिक ऊर्जा, मग उष्णता, मग टर्बाइनची गतिज ऊर्जा, मग वीज, ही साखळी मुलांना पाठ असते. फळ्यावर मात्र सगळे बाण सारख्याच जाडीचे निघतात. अशा संचातून २१० मेगावॅट वीज बाहेर पडते तेव्हा ढोबळमानाने त्याच्या दुप्पट, म्हणजे ४०० मेगावॅटच्या घरात, उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून हवेत जाते. एका युनिट विजेमागे सुमारे पाऊण किलो कोळसा लागतो तो यामुळेच. सगळी बेरीज केली तर एक ज्यूलही हरवलेला नाही. पण मनोऱ्यातून निघणारी उष्णता भोवतालच्या हवेपेक्षा थोडीच गरम असते. तिच्यावर पुन्हा टर्बाइन चालवता येत नाही. यात इंजिनियरांच्या हलगर्जीपणापेक्षा निसर्गाने घातलेल्या मर्यादेचा वाटा मोठा आहे, आणि ही मर्यादा अक्षय्यतेच्या नियमात कुठेच लिहिलेली नाही. ती उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमातून येते. ऊर्जा शिल्लक राहते, तिची उपयुक्तता जाते. भिंतीवरची घोषणा या उपयुक्ततेविषयी आहे.

दुसऱ्या नियमाचे नाव नववीत घ्यायची गरज नाही. साखळीतला विजेचा बाण बारीक आणि हवेत जाणारा बाण त्याच्या दुप्पट जाड काढला तरी पुरे. आणि प्रश्नपत्रिकेत 'नियम लिहा' याऐवजी एकदा विचारून पाहावे: दगड खाली पडून थांबला, आता त्याची ऊर्जा कुठे आहे?