जब्याचा दगड आणि आपलं हसू

'फँड्री' पाहून कुणी हसावं का? हा प्रश्न मी मुद्दाम आधी टाकतो. कारण गेल्या भीमजयंतीच्या आठवड्यात आमच्या अंजनगाव सुर्जीच्या वस्तीत, विहाराच्या भिंतीला पांढरी चादर बांधून आम्ही हा सिनेमा लावला, आणि पोट्टे हसले. सवर्णांचे नव्हे. आपले. गळ्यात निळा रुमाल घातलेले, एका 'जयभीम'ला दोन 'जयभीम' देणारे. त्यात माझा सख्खा लहान भाऊ.

मी समीक्षक नाही. जिनिंगवर कामाला आहे. कपाशीच्या सीझनला मशीनच्या आवाजात कान बंद आणि नाकात रुई. बारावी नापास. 'सौंदर्यशास्त्र' हा शब्द मला वाचनालयातल्या एका पुस्तकात भेटला आणि त्याने मला पहिल्याच पानावर दम दिला. मी पुस्तक परत केलं, दम मात्र घेतला नाही. तेव्हा हे लिखाण म्हणजे सौंदर्यशास्त्र वगैरे काही नाही. एक हसू ऐकलं, त्याचा पंचनामा आहे.

सिनेमा लावायचं ठरलं तेव्हाच भांडण झालं. पोरांचं म्हणणं, "भाऊ, सैराट लाव ना. याच्यात गाने नाईत." मी पोरांना नावं ठेवत नाही. 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. परतवाड्याच्या टॉकीजात गाणं सुरू झालं तशी आम्ही पडद्यावर चिल्लर उधळली. घरी दळणाला पैसे नव्हते आणि मी चिल्लर उधळली. अजय-अतुलच्या वाद्यांनी अंगात काहीतरी शिरलं होतं, खोटं कशाला बोलू. परश्यासारखे केस कापून घेतले. शेवटी ते लहान लेकरू रक्ताचे पाय उमटवत दाराबाहेर जातं, आवाज सगळा बंद होतो, तेव्हा टॉकीजात कुणी खोकलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी आमच्या मोबाईलात काय होतं? गाणं. मोबाईल शॉपीवर वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून घेतलं, त्यात गाणी होती, शेवट नव्हता. शेवट कुणी मागितलाच नाही.

माझा पहिला मुद्दा इथं आहे. सिनेमाचे तुकडे आधी मेमरी कार्डाने केले, आता रील करतं. तीस सेकंदांचा नाच वेगळा निघतो आणि त्यामागची जात मागे राहते. 2018 ला मोठ्या पैशाने 'सैराट'चा हिंदी 'धडक' केला. गाणी घेतली, पळून जाणं घेतलं, आणि जातीचं हाड काढून मांस उदेपुरात नेऊन शिजवलं. आपण त्याला शिव्या घातल्या. बरोबर घातल्या. पण राजेहो, त्यांनी करोडो रुपये लावून जे केलं तेच आपण वीस रुपयांत दोन वर्षं आधी करून बसलो होतो.

आता 'फँड्री'. 14 फेब्रुवारी 2014 ला महाराष्ट्रात लागला. नागराज मंजुळे यांचा पहिला मोठा सिनेमा. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या हे कैकाड्याचं पोर. सोमनाथ अवघडे या पोराने तो केला आणि पहिल्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार घेतला. बाप कचरू झालाय कवी किशोर कदम. जब्याला जीन्स पाहिजे, शाळा पाहिजे, वर्गातली शालू पाहिजे. काळ्या चिमणीची राख टाकली की पोरगी वश होते असं कुणी सांगितलं, म्हणून तो गलोल घेऊन रानोरान चिमणी शोधतो. आणि गावाला पाहिजे की त्याने डुक्कर धरावं. एवढीच गोष्ट.

आमची पोरं चिमणीपाशी चूप होती. जत्रेतसुद्धा चूप होती. नवा शर्ट घालून जब्या नाचायला घुसतो आणि बाप त्याला बाहेर काढून डोक्यावर बत्ती घ्यायला लावतो. ज्याच्या डोक्यावर उजेड त्याने नाचायचं नाही. इथे मागून एक म्हातारा हळूच बोलला, "आमी बी धरल्या बत्त्या." हे खरं आहे. म्हणूनच जयंतीच्या डीजेला जे आपलेच शिकलेले लोक नाक मुरडतात, त्यांच्याशी माझं सगळं जमत नाही. दुसऱ्यांच्या वरातीत उजेड वाहणाऱ्यांची नातवंडं आज स्वतःच्या उजेडात नाचतात, ही साधी गोष्ट नाही. 2022 च्या 'झुंड'मध्ये मंजुळे यांनी नागपूरची जयंती तशीच आतून दाखवली. हिंदीच्या एवढ्या मोठ्या पडद्यावर मी तरी ती आधी पाहिली नव्हती.

पण मग डुक्कर धरण्याचा प्रसंग आला. सगळं घर डुकरामागे धावतं. माय, बाप, बहिणी, जब्या. गावातले टगे दगडावर बसून मॅच पाहावी तशी मजा पाहतात, ओरडतात, मोबाईल काढून फोटो घेतात. कचरू घसरतो. आणि विहाराच्या अंगणात हसू फुटलं.

पहिलं हसू पडद्यावरच्या टग्यांचं होतं. दुसरं आमच्या पोरांचं. दोन्ही एकाच वेळी. डोळे मिटले असते तर कोणतं हसू कुठलं, ते मला सांगता आलं नसतं.

आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला, नाल्याकडं, डुकरं पाळणारी घरं आहेत. त्यातला एक पोरगा त्या रात्री आला होता. सगळ्यांत मागं, चपला काढतात तिथं बसला होता. हसू झालं आणि तो उठला. मला वाटलं लघवीला गेला असेल. तो परत आला नाही. त्याच्या जाण्याचा आवाज झाला नाही, कारण हसण्याचा झाला होता.

मित्रहो, आपण बाबासाहेबांची पोरं म्हणवतो. बाबासाहेबांनी जातीबद्दल सांगितलं त्यातली सगळ्यांत जड गोष्ट ही, की इथली विषमता पायऱ्या-पायऱ्यांची आहे. प्रत्येकाला डोक्यावर कुणाचा तरी पाय आणि पायाखाली कुणाचं तरी डोकं. वरच्याचा पाय टोचतो, खालचं डोकं मऊ लागतं. म्हणून उतरंड टिकते. हे मी अभ्यास वर्गात तीनदा बोललो आहे. त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

कायद्यातली गंमत पहा. आपल्या वऱ्हाडात, अमरावती-अकोल्यात, कैकाडी अनुसूचित जातीत आहेत. म्हणजे कागदावर ते आणि आपण एकाच यादीत. तेच लोक पश्चिम महाराष्ट्रात गेले की विमुक्त जातीत. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का कैकाड्यांवरही होता. कायदा 1952 ला गेला. नजर गेली नाही. एका यादीत आहोत, पण एका सतरंजीवर नाही. ही लाज सरकारने दिलेली नाही, ही आपली घरची आहे.

सिनेमात पुढं काय होतं? डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं घर ताठ उभं राहतं. डुक्कर मात्र थांबत नाही. मग ते मारलेलं डुक्कर काठीला लटकावून नेतात, आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाय, गाडगेबाबा. आमच्याकडे इथं टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या कळल्या नाहीत. फोटो दिसला की टाळी, ही आपल्याला सवय झाली आहे. ती भिंत आपल्या अभिमानासाठी रंगवलेली नाही. ती विचारते, की भिंतीवर मी आहे, भिंतीपुढून हे चाललंय, मधे तुम्ही कुठे आहात?

गाडगेबाबा तर आमच्याच तालुक्यातले. 1876 ला शेंडगावात जन्मले. अंजनगावहून जवळच. पाया पडू द्यायचे नाहीत, कुणाला चेला म्हणायचे नाहीत, हातात खराटा. आणि बाबासाहेब? 1943 च्या जानेवारीत पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बजावलं, की राजकारणातली भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ज्यांनी भक्त नको म्हटलं त्यांचे आपण फॅन झालो. फॅनला फोटो पुरतो. अनुयायाला खराटा उचलावा लागतो.

म्हणून मंजुळे यांचाही फॅन होऊन मला लिहायचं नाही. 'फँड्री'त मला एक कमी वाटते. जब्याची माय टोपल्या विणते, बहीण माहेरी येऊन बसली आहे. टगे तिच्यावर शेरे मारतात तेव्हाच जब्याच्या हातात दगड येतो. पण त्या बायांच्या मनात काय, हे सिनेमा फारसं विचारत नाही. त्यांचा अपमान जब्याच्या रागाला सरपण म्हणून येतो. आणि 'झुंड'. नागपूरचे विजय बारसे मास्तर, त्यांनी 2001 पासून झोपडपट्टीच्या पोरांना फुटबॉलला लावलं, त्यावरून तो घेतला. पोरं अस्सल, अंकुश गेडाम तर वस्तीतून उचलून आणलेला वाटतो. पण ही पोरं लोकांनी पाहावीत म्हणून अमिताभ बच्चन लागला. मंजुळे यांचा नाइलाज मी समजतो. पण बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभा राहिला याचे जेवढे स्टेटस आमच्या वस्तीत पडले, तेवढे त्या पोरांचे पडले नाहीत. मोठ्याने आपल्याला मान दिला की आपण मोठे, हा हिशेब चुकीचा आहे.

गेमचं बोलतो, कारण भावाचं बोलायचं आहे. 2020 च्या सप्टेंबरात सरकारने पबजी बंद केला, 2021 ला तो दुसऱ्या नावाने आला. पोरं थांबली कुठं? माझा भाऊ रात्री दोन-दोनपर्यंत असल्याच एका खेळात गोळ्या झाडतो. मी खवळलो तर म्हणाला, "दादा, तिथी कोनी आडनाव नाई इचारत." मी गप्प झालो. ज्याला गावात नावाआधी आडनाव विचारतात त्याला असा मुलूख हवा वाटणारच. मग एक दिवस त्याने आपल्या नावामागे निळा झेंडा लावला. सोबत खेळणाऱ्यांनी कानातल्या माईकवर विचारलं, कोण रे तू? त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी गटात त्याचं नाव नव्हतं. तो आठ दिवस बोलला नाही. मशीन जात पाळत नाही, पण मशीनच्या मागं माणूस बसलेला असतो.

आणि तोच माझा भाऊ कचरू घसरल्यावर हसला.

म्हणून मी त्याला मारलं नाही. मारावंसं वाटलं. त्याने सोसलं म्हणून तो शहाणा झाला असं नाही. सोसलेला माणूस आपोआप विद्रोही होत नाही. कधीकधी तो फक्त आपल्याखालची पायरी शोधतो. हे 'फँड्री'ने मला शिकवलं, आणि सिनेमापेक्षा त्या अंगणाने जास्त.

शेवटी जब्या दगड भिरकावतो. दगड सरळ आपल्याकडे येतो आणि अंधार होतो. अंधारात एक पोरगा म्हणाला, "भाऊ, सेकंड पार्ट कवा येते?" दुसऱ्याने तोपर्यंत तो दगड मोबाईलवर शूट करून डीजेचं गाणं लावून स्टेटसला टाकला होता. पहा, पुन्हा तेच. पावणेदोन तास काढून घेतले की दगड फक्त स्टाईल उरतो. आजवर आपण समजत होतो की तो दगड सवर्णांवर आहे, आपण जब्याच्या पाठीशी उभे आहोत. पण कॅमेऱ्यापुढे जो बसला त्यालाच तो लागतो. आणि त्या रात्री कॅमेऱ्यापुढे आपण बसलो होतो.

मोबाईल फेकून द्या असं मी म्हणणार नाही. आपल्या आधीच्या पिढीने स्टेन्सिल कापून, शाईने हात काळे करून अंक काढले, ते काय यंत्र नव्हतं? यंत्र कुणाच्या हातात आणि तोंड कुणाकडे, एवढंच पाहायचं. माझं मागणं लहान आहे. सिनेमा दाखवा तर आख्खा दाखवा. संपल्यावर लगेच सतरंजी झटकू नका, तासभर बसा, बायांना आधी बोलू द्या. आणि मागं चपलांपाशी कोण बसलंय ते आधी पाहा, त्याला पुढं घ्या.

त्या पोराकडे मी दोनदा गेलो. पहिल्यांदा तो घरी नव्हता. दुसऱ्यांदा होता. मी म्हटलं, पोट्टे चुकले, मी संयोजक होतो, मी पण चुकलो. तो डुकरांना खरकटं टाकत होता. म्हणाला, "त्यायचं सोडा भाऊ. पिक्चरमंदी पुढं काय झालं थे सांगा."

मी सांगितलं. दगडाचं सांगताना माझी जीभ अडखळली. तो म्हणाला, "कोनाले मारला?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा 'फँड्री' लावतोय, या खेपेला नाल्याकडच्या अंगणात, चादर आपली, पोट्टेही आपलेच. भावाला सांगितलं आहे, चादर तू बांधायची.

जयभीम.