सनद मिळाल्यानंतरची गोष्ट

मुस्लिम मराठी कथेत आणि आत्मपर लेखनात एक प्रसंग इतक्या वेळा येतो की तो आता आपल्याला तोंडपाठ झाला आहे. बाप हमाल, बागवान नाहीतर पिंजारी. अम्मीने कानातले मोडून फी भरलेली. पोरगा मोहल्ल्यातला पहिला पदवीधर होतो. कागद अम्मीच्या हातात ठेवतो. तिला वाचता येत नाही. ती तो डोळ्यांना लावते. कथा तिथे संपते.

हा प्रसंग खोटा नाही. आमची तक्रार एवढीच, की गोष्ट जिथे सुरू व्हायला हवी तिथे लेखक पडदा पाडतो. त्या कागदाने पुढे काय दिले, काय दिले नाही आणि काय हिरावून घेतले, हे आपल्या लेखनात फारच थोडे उतरले आहे.

याचे एक कारण लिहिणाऱ्यांच्या आयुष्यात सापडते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यामागे ज्यांचा विचार होता ते फकरुद्दीन बेन्नूर संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवीत. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे डॉ. यू. म. पठाण हे मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. चळवळीतले कितीतरी लिहिते हात शाळा-महाविद्यालयांतले आहेत. थोडक्यात, ज्यांना सनद फळली त्यांनी हे साहित्य घडवले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण ज्यांना ती फळली नाही ते पात्र म्हणूनही या पानांवर क्वचितच येतात. पठाण सरांचा गौरव करतानाही आपण 'मुसलमान असून संतसाहित्याचे अभ्यासक' हेच पालुपद लावतो. अपवादाचे कौतुक झाले, की नियमाकडे पाहण्याची गरज उरत नाही.

सनदेची किंमत कोण ठरवते, हे समजून घ्यायला अंबाजोगाईसारखे गाव नाही. इथे मुकुंदराजांची समाधी आहे. ज्यांच्या 'विवेकसिंधू'ला मराठीतला आद्य ग्रंथ मानण्याची परंपरा आहे, ते हेच मुकुंदराज. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडी पासोडीवर ग्रंथ लिहिला, तोही इथलाच. ज्ञानाला सनद लागत नव्हती, अशा काळाची ही खूण.

निजामी राजवटीत हे गाव मोमिनाबाद झाले. कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. उर्दू येणाऱ्याला कचेरीचे दार उघडे होते, मराठी बोलणाऱ्या बहुसंख्यांना ते अवघड होते. त्याच गावात १९३०च्या दशकात योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवीत होते आणि तिथून स्वातंत्र्याची भाषा उभी राहत होती. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने घेतले. म्हणजे एका राज्यात बंद झालेली पदवी दुसऱ्या राज्यात उघडली.

मग सप्टेंबर १९४८ आला. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. उस्मानियाचे उर्दू माध्यम गेले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. ज्या उर्दू सनदेवर बाप मुन्शी झाला, तिच्यावर मुलाला शिपाईगिरीही मिळेना. बापाची अक्कल तीच होती, मेहनत तीच होती. कचेरीची लिपी बदलली होती. १९४८ पूर्वी मराठी मुलाने जी कोंडी सोसली, तिचीच दुसरी बाजू पुढे उर्दू शिकलेल्याच्या वाट्याला आली. हे दोन्ही एका पानावर मांडणारी कादंबरी आपल्याकडे व्हायला हवी. मुक्तिसंग्रामाच्या लेखनात पहिली बाजू असते, आपल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत दुसरी. साहित्याचे काम दोघांना एका ओट्यावर बसवण्याचे.

हमीद दलवाई यांची 'इंधन' (१९६५) या संदर्भात पुन्हा वाचावी. तिचा निवेदक शहरातून, वेगळे विचार घेऊन, आजारपणात कोकणातल्या गावी परततो. गाव पेटत जाते आणि त्याचे जाणतेपण त्याच्याच हातात निरुपयोगी होऊन पडते. ही पदवीची गोष्ट नव्हे. पण शिकून आलेला माणूस आपल्याच माणसांत परका कसा होतो, हे दलवाईंनी डोळे न मिटता पाहिले. त्यांच्या विचारांशी ज्यांचे जमत नाही, त्यांनीही एवढे धारिष्ट घेण्यासारखे आहे.

आजची अंबाजोगाई शिक्षणाचे गाव आहे. स्वामीजींच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९७०च्या दशकात इथे निघाले. ग्रामीण भागातले आशियातले पहिले, असे गाव अभिमानाने सांगते. पण मोहल्ल्यातल्या पोरांच्या हाती बहुधा आली ती डी.एड.ची सनद. २०००नंतर मराठवाड्यात डी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले. जमिनी विकून फी भरल्या गेल्या. २०१०च्या भरतीनंतर कित्येक वर्षे मोठी शिक्षकभरती झाली नाही. २०१३पासून टीईटीची अट आली. डी.एड. झालेला पोरगा मोबाईलच्या दुकानात बसला, कुणी रिक्षा धरली, कुणी सौदीचा व्हिसा शोधला. शिकलेल्या मुलीची कोंडी निराळीच. मुलगी बी.ए., आलेले स्थळ नववी नापास गॅरेजवाला, कमावता आणि सज्जन. अब्बा म्हणतात, 'मुलगा चांगला आहे.' मुलगी गप्प. ती का गप्प आहे, हे कुणीतरी लिहायला हवे.

लिहिले नाही तर त्याची किंमत मोजावी लागते. चौकातली पोरे म्हणतात, 'पढके क्या करना?' आपले साहित्य त्यांना फक्त अम्मीचे डोळे दाखवते. पोराला वाटते, त्या कथेतल्या मुलाला जमले, मला जमले नाही, दोष माझाच. नाहीतर तो म्हणतो, सगळे थोतांड आहे, आणि धाकट्या भावाला शाळेतून काढतो. सच्चर समितीने २००६ साली दाखवले, की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी-पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी, तर एकूण लोकसंख्येत सुमारे सात टक्के. हे अंतर तुटायचे असेल तर शाळा सोडून चालणार नाही. पण पोराला खोटे आश्वासन देऊनही चालणार नाही.

इल्म मिळवणे आपल्याकडे फर्ज मानले आहे. सनद ही सरकारची, बाजाराची आणि भाषेची बाब. तिची किंमत चढते, उतरते, कधी रातोरात मोडीतही निघते. हा भेद मुन्शीच्या घराने १९४८ला सोसला, डी.एड.वाल्या पोराने २०१०नंतर सोसला. तो भेद कथेतून कळला, तर पोरगा स्वतःला नालायक समजणार नाही आणि पुस्तकही फेकणार नाही. आमच्या तरुण लेखकांकडून आमची अपेक्षा एवढीच आहे: अम्मीने डोळ्यांना लावलेला कागद तिच्या हातून पेटीत गेला, त्यानंतरच्या दहा वर्षांची गोष्ट लिहा.