दोरीला टांगलेला उपग्रह : खरी अडचण कुठे?

पर्वत, सागरी गर्ता आणि खडकांची कमीअधिक घनता यांमुळे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात जागोजागी बारीक फरक पडतात. यानाखाली लांब दोरीने उपग्रह सोडण्याची कल्पना ज्युसेप्पे कोलंबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडली. असे फरक मोजणे हा तिचा एक उपयोग सांगितला गेला.

‘दोरी तुटली, कल्पना फसली’ असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. १९९२ साली ‘अटलांटिस’मधून वीस किलोमीटरऐवजी सुमारे अडीचशे मीटरच दोरी उलगडली. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘कोलंबिया’तून एकोणीस किलोमीटरहून अधिक दोरी सोडल्यावर ती तुटली. पण हे प्रयोग प्रामुख्याने विजेसंबंधीचे होते. गुरुत्वमापनाची परीक्षा त्यांत झालीच नाही.

कल्पनेचा पाया भक्कम आहे. दोनशे किलोमीटर तरंगलांबीचा गुरुत्वातील चढउतार २५० किलोमीटर उंचीवर सुमारे अडीच हजारपट क्षीण होतो, तर १२० किलोमीटरवर केवळ त्रेचाळीसपट. म्हणजे जितके खाली जावे तितके चित्र स्पष्ट. एवढ्या खाली सुटा उपग्रह हवेच्या विरोधामुळे टिकत नाही, म्हणून दोरी.

खरी अडचण दोरीच्या ताणातच आहे. खालचा उपग्रह वरच्या जड यानाच्याच गतीने प्रदक्षिणा घालतो. ही गती त्या उंचीला अपुरी असते, म्हणून उरलेला भार दोरी पेलते. शंभर किलोमीटर दोरीसाठी तो प्रत्येक किलोग्रॅमला सुमारे ०.४ न्यूटन येतो. अर्ध्या मीटरवरील दोन त्वरणमापींतील गुरुत्वाचा एकूण फरक मात्र सेकंदाच्या वर्गास जेमतेम दीड मायक्रोमीटर. दोन्ही उपकरणांच्या मोजपट्टीत दशलक्षांशाची तफावत असली, तरी या फरकाच्या पाव हिश्शाएवढी चूक होते. शोधायचे बदल तर त्याहून कितीतरी लहान! दोरीची थरथर आणखी वेगळी.

युरोपच्या ‘गोसे’ उपग्रहाने (२००९ ते २०१३) उलटा मार्ग धरला. सुमारे २५५ किलोमीटरवर, नंतर त्याहूनही खाली उतरून, हवेचा विरोध छोट्या आयन इंजिनाने भरून काढत तो जवळजवळ मुक्तपणे पडत राहिला. उंचीचा तोटा पत्करून त्याने शांतता मिळवली.

वरील ०.४ हा आकडा अकरावीच्या वर्गात काढून घेता येईल. प्रदक्षिणाकाल नव्वद मिनिटे धरावा. एखादी कल्पना अपघातामुळे नव्हे, तर हिशेबाने तपासायची असते, हे विद्यार्थ्यांना त्यातून कळेल.