पाटीवरचे सोवळे

मुंबईस देवकार्यासाठी वा वैद्यासाठी गेलेल्या परगावच्या माणसापुढे दुपारी एक प्रश्न हटकून उभा राहतो : जेवावे कोठे? ‘शुद्ध शाकाहारी’ ही अक्षरे दिसताच आपल्यापैकी पुष्कळजण निःशंक मनाने आत शिरतात. ही कसोटी आम्हांस अपुरी वाटते. पाटी शाकाहाराची ग्वाही देते, ताजेपणाची नव्हे. पंजाबी, चिनी, इटालियन असे शंभर पदार्थ एकाच भटारखान्यातून निघत असतील, तर त्यांतील कितीएक कालच्या वाटणावर उभे असणार, हे सांगावयास पाकशास्त्री नको.

उलट, माटुंगा स्थानकालगतचे, रामा नायक यांनी १९४२ साली काढलेले ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ पाहावे. केळीचे पान, त्यावर भात, सांबार, रसम्, भाज्या, पापड. निवडीस वाव थोडा; परंतु पंगतीमागून पंगत उठत असल्याने अन्नास शिळे होण्यास सवडच मिळत नाही. ज्या उडुपीचे नाव ते मिरविते, तेथील श्रीकृष्णमठाच्या पाकशाळेची शिस्तही हीच : रांधावे, नैवेद्य दाखवावा, वाढून मोकळे व्हावे.

अशा ठिकाणी निवांतपणा नसतो, हा दोष आम्ही नाकारीत नाही. मागे ताटकळणाऱ्याची नजर पाठीस जाणवते, आणि वृद्धांस ती घाई जाचते. त्यांनी गर्दीची वेळ टाळावी. मात्र पाटी वाचून पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर दारात थांबावे आणि आत पाने किती लवकर उठतात ते पाहावे. सोवळे अक्षरांत नसते. ते चुलीपाशी पाळावे लागते.