बाराची मर्यादा : व्हिडिओ गेम, खेळाडू आणि बदलाचा प्रश्न

‘स्टारक्राफ्ट’ या गेमच्या २०१७ साली आलेल्या आवृत्तीत एफ-५ हे बटण दाबले की पडद्यावरची सगळी रेखीव, चकचकीत चित्रे नाहीशी होतात आणि १९९८ सालची जुनी, खरबरीत चित्रे परत येतात. पुन्हा दाबले की पुन्हा नवी. मधल्या काळात लढाई थांबत नाही. सैनिक त्याच जागी, त्याच जखमांसह उभे असतात. बदलते ते फक्त वरचे कातडे. हे बटण मी अनेकदा उगाचच दाबून पाहिले आहे. साहित्याच्या अभ्यासकाला छळणारा एक जुना प्रश्न त्यात दडलेला आहे: या कृतीची संहिता नेमकी कोणती? दिसते ती, की दिसणाऱ्याच्या खाली चालते ती?

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांविषयी दोन समज रूढ आहेत आणि ते एकमेकांच्या विरोधात जातात. एक असा की, ही मंडळी नव्या यंत्रामागे धावणारी, दर दोन वर्षांनी जुने टाकून देणारी. दुसरा बहुधा गेम बनवणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येतो: चाहत्यांना काही बदललेले चालत नाही, ते आठवणींत रमलेले हट्टी लोक आहेत. मला दोन्ही समज वरवरचे वाटतात. खेळाडू कोणते बदल घेतो आणि कोणते नाकारतो, यात एक सुसंगत विवेक असतो. तो शोधण्यासाठी सर्वात चांगला पुरावा दक्षिण कोरियात सापडतो.

१९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात वेगवान इंटरनेट झपाट्याने पसरले. गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ म्हणजे तासाच्या हिशेबाने संगणक देणारी दुकाने उघडली आणि तिथे ‘स्टारक्राफ्ट’ व त्याचा पुढचा भाग ‘ब्रूड वॉर’ हे गेम रुजले. लवकरच त्यांचे सामने दाखवणाऱ्या दूरचित्रवाहिन्या आल्या, संघ आले, पगारी खेळाडू आले. २००४ साली बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखभर लोक जमल्याचा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. आकडा थोडा फुगलेला असेल, तरी समुद्रकिनारा भरला होता हे खरे.

या गेमच्या कारागिरीकडे आता पाहू, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. ‘ब्रूड वॉर’मध्ये एका वेळी फक्त १२ सैनिक निवडता येतात. सैन्य साठांचे असेल तर पाच वेळा निवडा, पाच वेळा हुकूम द्या. कारखाने दहा असतील तर प्रत्येकावर वेगळे जा. नवा जन्मलेला कामगार आपणहून खनिज खणायला जात नाही. सांगेपर्यंत ठोंब्यासारखा उभा राहतो. ‘ड्रगून’ नावाचा यांत्रिक सैनिक तर वाट शोधण्यात इतका मठ्ठ आहे की, उतारावर त्यांची गर्दी झाली की खेळाडूने प्रत्येकाचे बोट धरून न्यावे. म्हणून व्यावसायिक खेळाडूच्या हातून मिनिटाला ३०० आणि त्याहून अधिक आज्ञा सुटत. हे सारे तंत्रज्ञानाचे दोष होत. गेमच्या प्रोग्रामरांपैकी एक, पॅट्रिक वायट यांनी पुढे लिहून सांगितले की, वाट शोधण्याची यंत्रणा घाईत सावरलेली होती. खाणीपाशी कामगार एकमेकांना अडून बसत, म्हणून खणायला जाणाऱ्या कामगाराला इतरांच्या अंगातून आरपार जाऊ द्यावे अशी तात्पुरती युक्ती केली गेली.

त्या तात्पुरत्या युक्तीचे खेळाडूंनी काय केले? शत्रूने वाट अडवली की ते कामगाराला पलीकडच्या खनिजावर जायचा हुकूम देत आणि तो शत्रूच्या अंगातून निघून जाई. ‘म्युटालिस्क’ हे उडते प्राणी एरवी पसरून उडतात. पण त्यांच्या गटात दूरवरचा एखादा सैनिक घेतला की ते एकाच बिंदूवर गोळा होतात, हेही खेळाडूंनीच शोधले, आणि त्यातून हल्ल्याची एक अख्खी शैली जन्मली. गेमच्या समतोलात कंपनीने शेवटचा बदल केला तो २००१ साली. त्यानंतर नवे डावपेच आणि नवे नकाशे आले ते खेळाडूंकडून व नकाशे रचणाऱ्यांकडून. नियम गोठलेले आणि खेळ वाहता, अशी ही स्थिती.

२०१० साली ‘स्टारक्राफ्ट २’ आला. त्यात बाराची मर्यादा गेली, सगळे कारखाने एकत्र निवडता येऊ लागले, कामगार आपणहून खाणीवर जाऊ लागले, सैन्य पाण्यासारखे वाहू लागले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही निखळ सुधारणा होती. जुन्या खेळाडूंचा आक्षेप मात्र गेम यायच्या आधीपासूनच ऐकू येत होता आणि त्याला जुनाटपणा म्हणून हसण्यात आले. आक्षेपाचा गाभा साधा होता. लक्ष ही या खेळातली सर्वात दुर्मीळ संपत्ती आहे. घर सांभाळू की आघाडी, हा निर्णय सेकंदा-सेकंदाला घ्यावा लागतो, आणि दोन खेळाडूंमधला फरक तिथेच दिसतो. यंत्राने घर सांभाळले तर ती निवडच उरत नाही. ‘स्टारक्राफ्ट २’ वाईट गेम आहे असे मी म्हणणार नाही. त्याने आपले स्वतःचे उत्तम खेळाडू घडवले. पण ती वेगळी कृती आहे. कोरियातील संघ २०१२ मध्ये तिच्याकडे वळवले गेले, आणि २०१६ मध्ये त्या गेमची सांघिक स्पर्धा बंद पडली. त्याच वर्षी ‘ब्रूड वॉर’ची नवी स्पर्धा इंटरनेट प्रक्षेपणावर सुरू झाली. कंपनी आणि कोरियन संघटना यांच्यातला हक्कांचा वाद, २०१० चे सामनेनिश्चितीचे प्रकरण, अशी इतर कारणेही या पडझडीमागे होती, हे विसरू नये.

पुढे २०१७ मध्ये कंपनीने ‘ब्रूड वॉर’ नव्या चित्रांत आणला, तेव्हा बाराची मर्यादा तशीच ठेवली. मठ्ठ ड्रगूनही तसाच ठेवला. चित्रे, आवाज, बटणे आपल्या सोयीने लावण्याची मुभा हे सगळे खेळाडूंनी विनातक्रार घेतले.

पाठचिकित्सेत एक तत्त्व आहे: दोन पाठांपैकी अवघड पाठ सहसा जुना मानावा, कारण नक्कलकार कठीण शब्द सोपा करतो, सोपा शब्द कठीण करत नाही. पुण्यात विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा १९२५ मध्ये हाती घेतली तेव्हापासून आपल्याकडे ही शिस्त परिचित आहे. कोरियन खेळाडूंनी नकळत हेच केले; त्यांनी अवघड पाठ राखला. फरक इतकाच की, पोथीतला अवघड पाठ प्राचीनतेची साक्ष म्हणून मोलाचा, तर इथला रोज हाताने उच्चारायचा म्हणून.

हा विवेक एकट्या कोरियाचा नाही. निन्टेंडोचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ २००१ साली आला. हवेत चुकवण्याची हालचाल तिरकी जमिनीत मारली की पात्र घसरत जाते, ही त्यातली खेळाडूंनी पकडलेली करामत. २००८ च्या पुढच्या गेमने ती काढून टाकली, आणि वर धावताना पात्र मधूनच, निव्वळ योगायोगाने, ठेचकाळून पडेल अशी सोय केली. नवख्याला धीर यावा हा हेतू. निष्णाताला तो अपमान वाटला. पुष्कळजण जुन्याकडे परतले. सपाट टीव्हीवर बटण दाबणे आणि पडद्यावर दिसणे यांत क्षणाची फट पडते, म्हणून स्पर्धांना जाताना ही मुले काचेच्या नळीचे जुने, जडशीळ टीव्ही उचलून नेत राहिली. बाहेरच्याला हा पुराणप्रेमाचा कळस वाटेल. पण २०२० मध्ये ‘स्लिपी’ ही खेळाडूंनीच घडवलेली यंत्रणा आली. प्रतिस्पर्धी पुढे काय करील याचा ती अंदाज बांधते आणि चुकला तर क्षणार्धात मागे जाऊन खेळ पुन्हा मांडते, त्यामुळे दूरच्या शहरातला माणूस शेजारी बसल्यासारखा खेळतो. इतके आधुनिक तंत्र याच ‘हट्टी’ लोकांनी हातोहात उचलले. त्याच वर्षी निन्टेंडोने ‘स्लिपी’ वापरणारी एक मोठी स्पर्धा नोटीस देऊन थांबवली.

इथवर माझे प्रमेय ठीक चालते: हातातल्या कौशल्याला हात न लावणारे तंत्रज्ञान स्वागतार्ह, त्याची जागा घेणारे त्याज्य. पण ‘मेली’च्याच जगात एक गोष्ट त्याला अडते. दांडीऐवजी केवळ बटणे असलेला नियंत्रक निघाला तो हाताच्या दुखापतींमुळे. वर्षानुवर्षे दांडी रेटून मनगटे निकामी होत होती. बटण मात्र दर वेळी नेमका तोच कोन देते, जो दांडीवर अंगठ्याने साधावा लागतो. मग ते औषध की फसवणूक? यावरचे भांडण अजून मिटलेले नाही. इथे अवघड पाठ राखण्याची किंमत शरीर मोजते, आणि निष्ठेची भाषा करणाऱ्या मला ती मोजावी लागत नाही. नव्या नियंत्रकाला पूर्ण बंदी असावी असे म्हणणाऱ्यांची बाजू मला या ठिकाणी पटत नाही, जरी माझ्याच युक्तिवादातून ती निघत असली तरी.

एक प्रकरण राहिले. ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली. तिच्यातही जुनी चित्रे निवडण्याची सोय होती. पण जुना गेम ऑनलाइन खेळणाऱ्यांनाही, त्यांनी नवी आवृत्ती विकत घेतलेली नसताना, नवाच प्रोग्राम घ्यावा लागला. कपाटातली जुनी पोथी कोणीतरी परस्पर बदलून ठेवावी, तसे हे. त्या प्रोग्राममध्ये क्रमवारीचे सामने नव्हते, खेळाडूंचे गट नव्हते. म्हणजे कातडे जुने मिळत होते आणि आतली संहिता गायब होती. ‘स्टारक्राफ्ट’च्या नेमके उलट. लोक इतके संतापले की कंपनीने मागेल त्याला पैसे परत दिले. अधिकृत क्रमवारी परतायला २०२२ उजाडले. तोवर खेळाडूंनी आपली स्वतःची क्रमवारी, स्वतःच्या यंत्रणेवर, उभी करून घेतली होती आणि ते तिथे खेळत होते.