देराणी-जेठाणीचे गोखले

राजस्थान पाहून आलेल्या कोणत्याही बाईला विचारा, आबूला काय पाहिलं? दिलवाड्याची देवळं सांगेल, नक्की तलाव सांगेल, आणि तिसरी गोष्ट हमखास सांगेल ती दोन जावांच्या गोखल्यांची. गोखला म्हणजे आपली देवळी, भिंतीतला कोनाडा. दोघी जावा इतक्या चुरशीच्या की एकीच्या गोखल्यापेक्षा दुसरीचा तसूभरही कमी चालला नाही, असं ते सगळं. मीही ही गोष्ट लहानपणापासून ऐकली, चारचौघींत सांगितली. मागच्या वर्षी ती प्रत्यक्ष जागेवर, पैसे देऊन ठरवलेल्या गाईडच्या तोंडून ऐकली. तेव्हा माझ्या शेजारी माझ्या मोठ्या जाऊबाई उभ्या होत्या. म्हणून हा लेख.

आम्ही दोघी आणि आमचे यजमान, अशी चार माणसं. जामसांवलीहून नागपूर, नागपूरहून रेल्वेने जोधपूर, आणि तिथून आठ दिवस आमच्यापुरती गाडी, चालक आणि सोबत गाईड. पैसे जास्त गेले, पण मोठ्या बसच्या सहलीत सूर्यास्ताआधी जेवण, कंदमुळाशिवाय भाजी आणि सकाळी पूजेला वेळ, हे तिन्ही जमत नाही. ओसियां, जैसलमेर, मग वाळवंट मागे टाकून अरवलीत राणकपूर, आबू आणि शेवटी उदयपूर असा मार्ग होता.

गाईडची निंदा करायला मी बसलेली नाही. माणूस गोड बोलायचा, आणि दाखवायचा तेही मनापासून. जैसलमेरच्या किल्ल्यात आजही माणसं राहतात, तिथल्या जैन मंदिरांजवळच्या ज्ञानभंडारात ताडपत्रावरच्या पोथ्या जपल्या आहेत, हे त्याने किती अभिमानाने सांगितलं! राणकपूरला धरणाशाह, राणा कुंभा आणि शिल्पी देपा ही तिन्ही नावं घेतली. १४४४ खांबांचा आकडा तर सगळेच सांगतात. याने मात्र आम्हाला एका जागी उभं करून खांबांमधून ऊन कसं सरकतं ते दाखवलं. असं पाहायला शिकवणारा माणूस भेटणं हे भाग्यच.

पण कीर्तन जसं आपण ऐकतो आणि बुवा कुठे रमले, कुठे घसरले ते घरी येताना बोलतो, तसंच गाईडच्या सांगण्याचंही करायला हवं. तेही एक वाङ्मयच आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याची घडण माझ्या ध्यानात आली. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी यायच्या : एक आकडा, एक शाप आणि एक बाई. आकडा थक्क करायला, शाप भिववायला. आणि बाई कशाला? तर झालेल्या सगळ्याचं कारण म्हणून.

जैसलमेरजवळ कुलधरा नावाचं ओसाड गाव आहे. पालीवाल ब्राह्मणांचं. दिवाण सालिमसिंहाची नजर गावच्या एका मुलीवर पडली आणि गाव रातोरात उठून गेलं, शाप देऊन गेलं, असं सांगतात. अभ्यासक पाणी आटल्याचं, कराच्या जाचाचं कारण देतात. ते एक वेळ राहू द्या. मी विचारलं, "त्या मुलीचं नाव काय?" गाईड हसला. म्हणाला, "नाम तो किसी को पता नहीं, मॅडम."

मला आपली गोटमार आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. का, तर पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली होती म्हणे. दरवर्षी डोकी फुटतात. पण त्या मुलीचं नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे? दगड तिच्या नावाने, आणि तिला नाव नाही.

मग आबू आला. दिलवाड्यात मोबाईल, कॅमेरा आत नेता येत नाही. म्हणजे घरी जे येतं ते डोळ्यांत राहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं, एवढंच. अशा ठिकाणी सांगणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. लूणवसहीत, नेमिनाथांच्या मंदिरात, नवचौकीत आलो. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या दोन्ही बाजूंना ते गोखले. संगमरवर आहे की साय, असं वाटावं इतकी बारीक कोरणी. गाईडने सुरुवात केली : वस्तुपाल-तेजपाल हे दोघे मंत्री भाऊ, त्यांच्या बायकांची स्पर्धा, नऊ-नऊ लाख खर्च. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "आप दोनों भी देवरानी-जेठानी? फिर तो आप समझ ही गई होंगी!" सगळे हसले. मीही हसले. भाभी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, हसल्या नाहीत. गाडीत बसल्यावर एवढंच बोलल्या, "माय, हा असं काहून सांगते?"

त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. घरी आल्यावर मुनिश्री जयंतविजयजींचं आबूवरचं पुस्तक मिळवून वाचलं. त्या दोन्ही गोखल्यांवर लेख कोरलेले आहेत. दोन्ही गोखले तेजपालने करवले, आणि दोन्ही एकाच बाईच्या श्रेयासाठी, म्हणजे तिला पुण्य लाभावं म्हणून. ती बाई म्हणजे त्याची दुसरी पत्नी, सुहडादेवी. पाटणच्या मोढ घराण्यातली लेक. लेखात तिच्या आईचंही नाव आहे, संतोषा. सालही आहे, विक्रम संवत १२९७. मंदिराची प्रतिष्ठा झाली संवत १२८७ ला. म्हणजे देऊळ बांधताना दोघी जावा शेजारी-शेजारी उभ्या राहून चुरस करत होत्या, हे चित्रच खोटं. तिथे दोन जावा नाहीतच. एक बाई आहे, तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी काही केलं आहे, आणि तिच्या आईचं नाव दगडात आहे. आठशे वर्षांपूर्वी कोणी एवढं लिहून ठेवलं, आणि आपण ते वाचायचं सोडून भांडण लावून दिलं!

बरं, या घराण्यात सांगण्यासारख्या बायका नव्हत्या का? तेजपालची पहिली पत्नी अनुपमादेवी. जुन्या प्रबंधांत येतं की धन कुठे ठेवावं असा प्रश्न पडला तेव्हा तिने सुचवलं : जमिनीत पुरू नका, उंच डोंगरावर ठेवा, सगळ्यांना दिसेल पण कोणाला नेता येणार नाही. म्हणजे देवळं बांधा. आबूच्या थंडीत कारागिरांचे हात चालेनात, तेव्हा तिने शेगड्या आणि गरम जेवणाची सोय केली, असंही येतं. आणि या भावांची आई कुमारदेवी? ती विधवा होती आणि तिचं दुसरं लग्न झालं, असं मेरुतुंगाचार्य प्रबंधचिंतामणीत सांगतात. प्रबंधही नंतर लिहिलेले, त्यांनाही गोष्टच म्हणा हवं तर. पण त्या गोष्टी बाईची अक्कल पाहतात, आणि गाईडची गोष्ट तिचा हेवा पाहते. दोन्ही गोष्टीच असतील, तर त्याच देवळात उभं राहून आपण हलकी का उचलावी?

याचं उत्तर गाईडपाशी नाही, आपल्यापाशी आहे. जावांचं भांडण ऐकायला आपल्याला आवडतं. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या घरात चुली वेगळ्या झाल्या. कारण दुकानाच्या हिशेबाचं होतं, दोघा भावांमधलं. पण गावाने काय म्हटलं? "जावांचं पटलं नाही." माझ्या दुसऱ्या बाळंतपणात सव्वा महिना भाभींनी माझं अंग चोळलं होतं. ते कोणाला सांगण्यासारखं वाटलं नाही. मी तरी कुठे कोणाला ठासून सांगितलं? लोक म्हणाले ते गप्प ऐकून घेतलं, आणि पुढे कितीदा मंडळात बसून तीच आबूची गोष्ट हसत-हसत सांगितली. भाभीही बसलेल्या असायच्या. आता वाटतं, दरवेळी त्यांना काय वाटलं असेल?

आमच्याच गाईडने पहिल्या दिवशी जोधपूरजवळच्या खेजडलीची हकीकत सांगितली होती. १७३० मध्ये राजाची माणसं खेजडीची झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. तिच्या मागोमाग तिच्या लेकी, आणि मिळून ३६३ माणसं. त्याने लेकींची नावंसुद्धा घेतली : आसू, रत्नी, भागू. इथे त्याला नावं कशी ठाऊक? कारण बिश्नोई समाज ती नावं घेत राहिला. जे आपण सांगत राहू तेच गाईडच्या तोंडी येणार. सुहडादेवीचं नाव त्याला ठाऊक नसेल, तर चूक निम्मी आपली आहे. देऊळ आपलं, लेख आपले, आणि वाचायचे नाहीत आपणच.

तेव्हा मैत्रिणींनो, आबूला जरूर जा. स्वतंत्र गाडी परवडत असेल तर तीच करा, गाईडही घ्या. तो गोखल्यांपाशी आला की त्याला बोलू द्या, आणि मग विचारा, "यावर लेख आहे ना, त्यात नाव कोणाचं?" भांडून नको, सहज विचारा. दहा जणींनी विचारलं की अकराव्या वेळी तो स्वतःच सांगेल.

पर्युषणात आमच्या मंडळात मी ही हकीकत नव्याने सांगितली. संतोषाची लेक सुहडा, इथून सुरुवात केली. भाभी पुढच्याच रांगेत होत्या. संपल्यावर एका सूनबाईने विचारलं, "मग दोन गोखले कशाला, एकीसाठी?" मला काही सुचेना. भाभीच म्हणाल्या, "दाराच्या एकाच बाजूला केला असता तर बरा दिसला असता का गं?"