बेंजो पार्टी, ‘बँजो’ चित्रपट आणि शब्दांविना गाणे : एक चिकित्सा

केवळ वाद्यांवर उभ्या राहणाऱ्या विद्युत-वाद्यवृंदाची घडण हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या संदर्भात जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा १९७१ मधील ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ आणि त्यानंतर झाकीर हुसेन यांच्या सहभागाने घडलेला ‘शक्ती’ यांचा उल्लेख नेहमी होतो. पेण-रोह्याच्या मिरवणुकांतून वाजणारी बेंजो पार्टी मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिली. रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ (२०१६) या हिंदी चित्रपटाने ही उपेक्षा दूर केली, असे मानले जाते. हे मत तपासून पाहणे आवश्यक वाटते.

बेंजोचे मूळ जपानी आहे. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये नागोया येथे घडविलेले ताइशोगोतो भारतात बुलबुलतरंग झाले. अमेरिकन बँजोशी त्याचे साम्य नावापुरतेच. एका हाताने कळा दाबून दुसऱ्या हाताने तारा छेडण्याचे हे घरगुती वाद्य. त्याला पिकअप लावून ॲम्प्लिफायरशी जोडले की ढोल-ताशाच्या गदारोळातही त्याची चाल स्पष्ट ऐकू येते. पार्टीची घडण या एका तांत्रिक युक्तीवर उभी आहे.

वादक चाल वाजवितो, शब्द मात्र ऐकणाऱ्याच्या मनात असतात. त्यामुळे हे संगीत शब्दविरहित असले तरी शब्दमुक्त नाही. ‘महाविष्णू’च्या रचनांना अशा आधाराची गरज नसते. ही बेंजोची मर्यादा मान्यच करावी लागेल. त्याची प्रयोगशीलता वेगळ्या ठिकाणी आहे. एका कोळीगीतातून सम न चुकविता सिनेगीतात शिरणे, नाचणाऱ्यांचे पाय पाहून लय चढविणे, हे निर्णय रस्त्यावरच, क्षणार्धात घेतले जातात.

चित्रपटाने नेमके हेच गमावले आहे. बेंजोवादकाचा शोध घेण्यासाठी न्यूयॉर्कहून नायिका यावी लागते. जणू परक्या कानाने ऐकल्यावाचून हे संगीत ठरतच नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे वादक-नायकाच्या तोंडी गाणी येतात आणि वाद्य साथीला बसते. (रितेश देशमुख यांच्या अभिनयाबद्दल तक्रार नाही.) ज्या वाद्याने गायकाची जागा घेतली, त्याच्याच नावाच्या चित्रपटात गायक परत आणला गेला.

आमच्या वर्गातील एक बेंजोवादक विद्यार्थी स्पर्धेचा अर्ज घेऊन आला होता. वाद्यप्रकाराच्या रकान्यात काय लिहावे, असे त्याने विचारले. मी ‘तंतुवाद्य’ असे सुचविले. त्याने थोडा विचार करून ‘बेंजो’ एवढेच लिहिले.